सहा आकडे आणि आपली पत
(पारगाव येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नये, ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण. त्यांच्यापैकी पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. पण एवढी गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. आज आपण शिकलो, हाती मोबाईल आला. मात्र त्या अंगठ्याची जागा आता सहा आकड्यांनी घेतली आहे, हे अनेकांच्या ध्यानी आलेले नाही.

नव्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू करताना आपल्या नंबरावर सहा आकड्यांचा कोड येतो. तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती आपले खाते. भामटा तुमचा नंबर स्वतःच्या फोनवर टाकतो. कोड तुमच्याकडे येतो. लागलीच एखाद्या ओळखीच्या माणसाच्या नावाने निरोप येतो, "माझा कोड चुकून तुमच्याकडे आला, तेवढा पाठवा." त्या माणसाचे खाते आधीच बळकावलेले असते! तुम्ही कोड दिलात की पुढचा निरोप तुमच्या नावाने चाचांना, खालांना जातो, "दवाखान्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवा." म्हणजे पैसे त्यांचे जातात आणि पत तुमची जाते.

हे अडाण्यांच्याच बाबतीत घडते, असे कोणी समजू नये. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी ११ ऑगस्ट २०२४ रोजी आपला फोन व व्हॉट्सॲप हॅक झाल्याचे जाहीर केले. मला फोन वा निरोप करू नका, असे लोकांना कळवून त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी गोष्ट लपविली नाही, हे लक्षात घ्या.

आज घरी गेल्यावर दोन कामे करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करून सहा आकडी पिन ठेवा. मग नुसत्या कोडने चोराचे काम भागणार नाही. 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून पाहा. तेथे अनोळखी यंत्र दिसले तर काढून टाका. कोड मात्र कोणालाही सांगू नका, सख्ख्या भावालाही नाही.

खाते गेलेच, तर आपला नंबर टाकून नवा कोड मागवा व तो भरा. चोर आपोआप बाहेर पडतो. त्याने स्वतःचा पिन ठेवला असल्यास तुम्हाला सात दिवस थांबावे लागेल, पण तोही आत राहत नाही. नातलगांना व शाळेच्या गटातील लोकांना फोन करून सावध करा. पैसे गेले असतील तर विलंब न लावता १९३० वर तक्रार नोंदवा.

पालकहो, शेवटी एकच विनंती. मुलाने चूक सांगितली तर प्रथम त्याच्यावर रागावू नका. मार बसेल या भीतीने मूल तासभर गप्प राहिले, तर तेवढ्या तासात भामटा दहा घरी पोहोचतो. आणि विद्यार्थी मित्रांनो, घरातील आजी-आजोबांच्या फोनवर हा पिन आजच बसवून द्या. तुमच्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग ठरो.