सुटणे आणि सोडणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनी सभासदांपैकी एकीने चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले, तेव्हा मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "तुम्ही वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचता, त्यातलेच काहीतरी सांगा." शेवटच्या पानावर असतात खेळांच्या बातम्या. म्हणून आज मी एका पोहणाऱ्याची हकीकत सांगणार आहे. लोणच्याची नवी कृती ऐकायला मिळेल या आशेने कोणी आल्या असतील, तर त्यांनी क्षमा करावी.

हा पोहणारा म्हणजे कोल्हापूरचा वीरधवल खाडे. तो माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, म्हणून मी त्याला एकेरीच म्हणते. त्यात अनादर नाही. त्याचा जन्म २९ ऑगस्ट १९९१ चा. कोल्हापूर हे तालमींचे गाव. तिथला मुलगा नाव काढणार म्हटले की लाल मातीतच काढणार, असे आपण धरून चालतो. हा मात्र पाण्यात उतरला. पुढे बंगळुरूला निहार अमीन या गुरूंच्या हाताखाली तो तयार झाला. २००८ साली बीजिंगच्या ऑलिम्पिकला तो गेला, तेव्हा त्याला सतरा वर्षेही पुरी झाली नव्हती. आपल्या घरातला त्या वयाचा मुलगा आंघोळीलासुद्धा तीनदा हाक मारल्याशिवाय उठत नाही!

त्याच वर्षी पुण्याला राष्ट्रकुल युवक स्पर्धा झाल्या. तिथे त्याने सुवर्णपदके मिळवली. मग २०१० साली चीनमधल्या ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लाय शर्यतीत त्याला कांस्यपदक मिळाले. बटरफ्लाय म्हणजे दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून फुलपाखराच्या पंखांसारखे पुढे टाकायचे. या पदकाचे मोल असे की, त्याआधी आशियाई स्पर्धेत पोहण्याचे पदक भारताला मिळाले होते ते १९८६ साली, सेऊलला, खजान सिंग यांना. मध्ये चोवीस वर्षे कोरडी गेली होती. २०११ साली वीरधवलला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी तो वीस वर्षांचाही झाला नसेल, नाही तर नुकताच झाला असेल.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, कारण यशाची बातमी मोठ्या अक्षरांत छापतात. मला सांगायचे आहे ते याच्या पुढचे.

राज्य शासनाने त्याला तहसीलदार केले. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवणला, त्याने तहसीलदार म्हणून काम केले. तहसीलदाराची खुर्ची म्हणजे काय, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. सातबाराची तक्रार आली, तहसीलदार. वादळात कोणाचे छप्पर उडाले, पंचनाम्याला तहसीलदार. रात्री वाळूचे होडे पकडायचे, तहसीलदार. निवडणूक आली, तहसीलदार. आणि पोहणाऱ्याला तर दिवसातून दोनदा तासन्‌तास पाण्यात राहावे लागते. मालवणला समोर एवढा समुद्र, पण शर्यतीचा सराव समुद्रात होत नाही. त्याला पन्नास मीटरचा मोजलेला तलाव लागतो, वेळ मोजणारा गुरू लागतो, बरोबरीला पोहणारे सोबती लागतात. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला तो नव्हता. २०१४ च्या आशियाई स्पर्धेलाही नव्हता. ऐन तारुण्याची वर्षे खुर्चीत गेली.

इथे मला आपल्या भाषेतले दोन शब्द आठवतात: सुटणे आणि सोडणे. दिसायला सख्खे, पण स्वभावाने अगदी वेगळे. हातातून भांडे सुटले, तर त्यात आपली इच्छा नसते. भांडे पुसून फळीवर ठेवले, तर ते आपण ठेवलेले असते. भांडे दोन्ही वेळा हातात नसते. पण सुटलेल्या भांड्याचा आवाज कानात राहतो. वीरधवलचे पोहणे त्या वर्षांत सुटले होते. त्याने ते सोडलेले नव्हते.

म्हणून तो परत पाण्यात उतरला. म्हणायला हे वाक्य एका ओळीचे आहे. पण पन्नास मीटरची शर्यत ही जेमतेम बावीस-तेवीस सेकंदांची. ठोकळ्यावरून उडी मारायची आणि जवळजवळ श्वास न घेता पलीकडची भिंत गाठायची. त्याला अंगात जी चपळाई लागते, ती वयाबरोबर सगळ्यांत आधी जाते. शिवाय पोहणारे सांगतात की, तळव्याला पाण्याची पकड कळावी लागते, आणि सराव तुटला की ती पकड जाते. आपल्यालाही अनुभव आहे. वर्षभर घावन घातले नाही, तर पहिली दोन-तीन तव्यालाच चिकटतात. हात आपलाच असतो, पण अंदाज गेलेला असतो.

२०१८ साली जकार्ताला आशियाई स्पर्धा झाल्या. वीरधवल पन्नास मीटर फ्रीस्टाइलला उभा राहिला. सकाळच्या प्राथमिक फेरीत त्याने २२.४३ सेकंद वेळ दिली. हा राष्ट्रीय विक्रम ठरला. आधीचा २२.५२ चा विक्रम कोणाचा होता? त्याचा स्वतःचाच, २००९ सालचा! सत्ताविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या तहसीलदाराने कोल्हापूरच्या त्या कोवळ्या मुलाला नऊ वर्षांनी मागे टाकले.

संध्याकाळी अंतिम फेरी झाली. त्यात त्याला २२.४७ सेकंद लागले. तिसऱ्या आलेल्या जपानी पोहणाऱ्याला लागले २२.४६. म्हणजे एका सेकंदाचे शंभर भाग केले, तर त्यातल्या एका भागाने कांस्यपदक हुकले. पापणी लवायलासुद्धा याच्या दसपट वेळ लागतो. मी माझ्या लेकाला बसवून गणित करून घेतले. त्या वेगाने जाणारा माणूस एवढ्या वेळात सव्वादोन सेंटिमीटर पुढे सरकतो, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढा. आणि सकाळची वेळ संध्याकाळी पुन्हा दिली असती, तर पदक त्याच्या गळ्यात होते.

कोणी म्हणेल, मग परत येऊन काय मिळवले? पण भगिनींनो, त्याने इथेही पोहणे टाकले नाही. २०१९ साली बंगळुरूच्या आशियाई वयोगट स्पर्धेत त्याने पन्नास मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण घेतले. मग करोना आला. सगळे तलाव बंद झाले. जून २०२० मध्ये त्याने जाहीर लिहिले की, आता निवृत्तीचा विचार करावा लागेल असे दिसते. म्हणजे पोहणे पुन्हा एकदा हातातून सुटायच्या बेताला आले होते. तेव्हाही त्याने ते सुटू दिले नाही. तलाव उघडले आणि तो पुन्हा पाण्यात गेला.

शेवट झाला तो २०२३ साली, गोव्यात. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा त्या वर्षी गोव्याला होत्या, पोहण्याच्या शर्यती पणजीला. आता तो बत्तीस वर्षांचा होता. शेजारच्या रांगांत उभी असलेली कित्येक मुले, तो बीजिंगला गेला तेव्हा बालवाडीत असतील. पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये तो पहिला आला, महाराष्ट्रासाठी सुवर्ण घेतले आणि मग सांगितले की, आता पुरे. त्याच स्पर्धेत बायकांच्या पन्नास मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण कोणी घेतले? त्याच्या पत्नीने, ऋजुता खाडे हिने! नवरा-बायको एकाच शर्यतीचे विजेते. घरात पदके ठेवायला फळी कमी पडली असेल, पण "तुला माझी धडपड काय कळणार" हे वाक्य त्या घरात कोणाला म्हणता येणार नाही.

ही निवृत्ती मला फार आवडली. आशियाई पदकाची राहिलेली इच्छा राहिलीच. ती काही पुरी झाली नाही. तरीही ही निवृत्ती पहिल्यासारखी नव्हती. या वेळी भांडे हातातून पडले नाही. त्याने ते स्वतः पुसून फळीवर ठेवले.

अशी माणसे आणखीही आहेत, आणि त्यांत बायका कमी नाहीत. आपली पी. टी. उषा. १९८४ साली लॉस एंजेलिसला तिचेही कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानेच हुकले. १९९० नंतर ती थांबली, लग्न झाले, मुलगा झाला. लोक म्हणाले असतील, झाले आता. ती परत धावायला लागली, १९९८ साली चौतिसाव्या वर्षी जपानमध्ये आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धेत पदके घेतली, आणि २००० साली स्वतःहून थांबली. अमेरिकेची डारा टोरेस हिने तर कमालच केली. २००६ साली तिला मुलगी झाली आणि २००८ साली, एकेचाळिसाव्या वर्षी, ती बीजिंगला पोहत होती. आपला वीरधवल होता त्याच ऑलिम्पिकमध्ये. तिचेही पन्नास मीटरचे सुवर्ण एका शतांशाने गेले. पंचेचाळिसाव्या वर्षी तिने पुन्हा प्रयत्न केला, निवड चाचणीत चौथी आली, आणि मग पोहणे सोडले.

आता तुम्ही म्हणाल, ही मोठी माणसे. आमचा यांच्याशी काय संबंध? मला तर फार जवळचा संबंध दिसतो. या सभागृहात बसलेल्या आपणा प्रत्येकीचे काहीतरी सुटलेले आहे. एकीची पेटी लग्नानंतर माळ्यावर गेली, ती अजून तिथेच आहे. एकीचा हात चित्रात चांगला होता. आता तो दिवाळीच्या चार दिवसांत रांगोळीपुरता दिसतो. माहेरी बावीत पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेल्या आपल्यात किती जणी असतील! आणि रत्नागिरीला तीन बाजूंनी पाणी असून भाट्याच्या वाळूवर आपण भेळ खातो, पाय ओले करतो आणि साडीचे काठ पिळत घरी येतो. यातले काहीच आपण विचार करून सोडलेले नाही. घर, मुले, आजारपणे, पाहुणे यांत ते सुटले. कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण "आता काय वय राहिले?" असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा आपण सुटलेल्याला सोडलेले म्हणत असतो, आणि ते खरे नसते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, सुटलेले एकदा परत हातात घ्यावे. ते पूर्वीसारखे येईलच असे नाही. कदाचित एका पेराने हुकेल. परत घेतल्यावर जमत नाही असे वाटले, तर खुशाल सोडावे. पण मग ते आपण सोडलेले असेल आणि रात्री त्याची टोचणी राहणार नाही.

दुसऱ्याला सांगायचे तर स्वतः काही करावे लागते. माझी शाळा सातवीत सुटली. आता मी सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसायचे ठरवले आहे. घरी सांगितले तेव्हा आमचे हे म्हणाले, "मराठी-इतिहासाचे ठीक, पण बीजगणिताला काय करणार?" मी म्हटले, "लेकाची शिकवणी लावणार. इतकी वर्षे मी त्याची लावली." पास होईन की नाही, ते परीक्षा मंडळ ठरवील. नापास झाले तर एकदा पुन्हा बसेन. त्यानंतर पुरे असे वाटले, तर पुस्तके बांधून शेजारच्या मुलीला देईन. पण ती मी देईन.

मंडळाला माझी एक सूचना आहे. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात फनी गेम्स आणि पाककृतींच्या बरोबरीने एक तास असा ठेवावा की, ज्यात प्रत्येक सभासदाने आपले सुटलेले काहीतरी करून दाखवावे. पेटी बेसूर वाजली तरी चालेल, आपण टाळ्या वाजवू. आणि पोहता येणाऱ्या चौघी-पाचजणी निघाल्या, तर शहरातल्या तलावावर बायकांसाठी वेगळी वेळ मिळते का, याची चौकशी चिटणीसबाईंनी करावी. मी पहिले नाव देते.

चहा निवत चालला आहे असे स्वयंपाकघरातून खुणावत आहेत, तेव्हा इथेच थांबते.