सँडर हातात घेण्यापूर्वी

जुन्या सागवानी दाराचं पॉलिश काढायचं असेल, तर हात भरून येईपर्यंत पॉलिश पेपर घासायची गरज नाही. ते घासण्याचं काम सँडर हे यंत्र करतं. पण सँडर कुठला घ्यायचा? पट्ट्याचा सँडर भराभर लाकूड खातो; नवख्या हातात तो खड्डेच पाडतो. घरकामासाठी १२५ मिलिमीटर तबकडीचा रँडम ऑर्बिटल सँडर घ्यावा. त्याची तबकडी फिरता फिरता डोलतेही, म्हणून गोल ओरखडे फारसे उमटत नाहीत. कोपऱ्यांना मात्र त्रिकोणी तळाचाच लागतो.

कागद आधी ८० नंबरचा, मग १२०, शेवटी १८०. मधला नंबर गाळलात, तर आधीचे ओरखडे पॉलिशखाली हमखास दिसतात. यंत्र दाबू नका, त्याच्या वजनानंच काम होऊ द्या. विनियर असेल तर फारच जपून: तो थर बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो.

आणि धूळ! लाकडाची धूळ माणसाला कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नोंदवलं आहे. यंत्राची धूळपिशवी पुरेशी नाही. एन-९५ मास्क लावा. सुताराकडून काम करून घेत असाल, तर त्यालाही तो आवर्जून द्या.