शिलकी हॉप्सचा हिशेब

(रेडिओवरील भाषण)



ज्या उद्योगाविषयी आज मी बोलणार आहे तो आपल्या राज्यात परवान्यावाचून करणे हा 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली अपराध आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. म्हणजे हे भाषण ऐकून कोणी आपल्या स्वयंपाकघरात पातेले चढवलेच, तर त्याचे पाप माझ्या अथवा नभोवाणीच्या माथी येऊ नये. माझा अनुभव इंग्लंडातला आहे. मिडलंड्समधील एका गावी नोकरीनिमित्त मी काही वर्षे राहिलो, आणि तेथील दीर्घ व दमट हिवाळ्यात, शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांच्या संगतीने, घरच्या घरी फिकी एल, म्हणजे इंग्रजी धर्तीची तांबूस-सोनेरी बिअर, करावयास शिकलो.

त्या देशातही ही मोकळीक फार जुनी नाही. 1880 साली पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरील, म्हणजे मोड आणलेल्या सातूवरील, कर उठवून तो बिअरवर बसवला, तेव्हा घरच्यापुरती बिअर करणाऱ्यासही अबकारीचा परवाना काढणे भाग पडले, आणि हा दंडक 1963 साली रेजिनल्ड मॉडलिंग यांनी अर्थमंत्री असताना रद्द करीपर्यंत कायम होता. हॉप्स नावाच्या फुलावर तर 1711 पासून 1862 पर्यंत, म्हणजे दीडशे वर्षे, स्वतंत्र जकात होती. फुलाच्या वासावर दीड शतक महसूल वसूल करणाऱ्या सरकारच्या चिकाटीचे मला अद्याप कौतुक वाटते.

हॉप हा वेल आहे. केंट परगण्यात उंच खांबांना ताणलेल्या दोऱ्यांवरून तो चढतो. मादी वेलाला येणारी हिरवी, पापुद्र्यापापुद्र्यांची बोंडे सप्टेंबरात खुडून वाळवतात, आणि बिअरचा कडवटपणा, सुगंध व टिकाऊपणा हे तिन्ही गुण मुख्यत्वे त्यांच्यापासून येतात. पूर्वी या खुडणीसाठी लंडनच्या ईस्ट एंडमधील बायकापोरे बिऱ्हाड बांधून येत आणि त्या मजुरीलाच वर्षाची हवापालट मानीत. वनस्पतिशास्त्र या वेलाला गांजाच्या कुळात घालते. परंतु नातलगाच्या वर्तनाचा ठपका त्याच्यावर ठेवणे न्यायाचे होणार नाही.

माझी अडचण हीच की हॉप्स आमच्या दुकानात 100 ग्रॅमच्या पाकिटातच मिळत आणि एका खेपेच्या 23 लिटरांना त्यातील साठसत्तर ग्रॅमच खपत. उरलेले मी सुरुवातीस, मसाल्याचे डबे ठेवावेत तसे, गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कोरड्या, उबदार कपाटात ठेवत असे. एका शनिवारी त्या गृहस्थांनी ती पाकिटे मागितली. त्यांनी एकेका पाकिटातील चार बोंडे तळहातावर घेतली, दोन्ही हातांनी चोळली आणि ओंजळीत नाक घातले. गोल्डिंग्ज जातीच्या बोंडांतून पिवळी, चिकट भुकटी त्यांच्या बोटांना लागली, आणि मध, मिरी व ओले गवत यांच्या मिश्रणासारखा एक वास मलाही हातभर अंतरावरून आला. फगल या दुसऱ्या जातीची बोंडे तपकिरी झाली होती. वास मंद, पण शुद्ध होता. तिसऱ्या पाकिटाशी मात्र त्यांचा चेहरा बदलला, कारण त्यातून जुनाट चीजचा आणि न धुतलेल्या मोज्यांचा दर्प येत होता. ते शांतपणे म्हणाले, “हे टाकून द्या, आणि कपाटाचे दारही थोडा वेळ उघडे ठेवा.” ब्रसेल्सच्या बाजूस लाम्बिक नावाची आंबट बिअर करणारे लोक मुद्दाम दोनतीन वर्षांचे जुने हॉप्स वापरतात, असेही त्यांनी सांगितले, परंतु ते माझ्या समाधानाखातर असावे.

उष्णता, हवा आणि उजेड हे या फुलाचे तीन वैरी. त्यामुळे त्याचे कडू आम्ल महिन्यागणिक घटते, आणि पाकिटावर छापलेली टक्केवारी जुन्या सातबाऱ्यासारखी, कागदावर एक आणि जागेवर दुसरी, अशी होते. माझ्याजवळच्या 40 ग्रॅम फगलवर 5 टक्के लिहिले होते, म्हणजे आम्ल 2 ग्रॅम. पैकी काळाने नेलेला चौथा हिस्सा अंदाजाने वजा घातला तर राहिले दीड. आणि माल्टच्या गोड पाण्यात तासभर उकळूनही त्यातील जेमतेम पाव हिस्साच द्रवात उतरतो. एवढी गळती सोसून जो कडवटपणा पदरात पडे तो निम्म्या गरजेचा होता. उरलेल्या निम्म्यासाठी 25 ग्रॅम चॅलेंजर जातीचे हॉप्स, तेही मागच्याच वर्षीचे, सापडले. उकळीच्या आरंभी या दोहोंची योजना केली, कारण सुवासाची तेले तासभराच्या वाफेबरोबर उडूनच जातात, तेव्हा ज्यांचा वास गेला आहे त्यांनीच ती जागा घ्यावी. चांगला वास शाबूत असलेले गोल्डिंग्ज अखेरच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवले. बासुंदीत वेलदोड्याची पूड पातेले उतरवताना घालतात, तेच येथेही.

धान्याचे काम त्या मानाने सरळ. डब्यात मिळणारा माल्टचा काकवीसारखा पाक न वापरता नुसत्या धान्यापासून बिअर करायची, तर मोड आणून भट्टीत सुकवलेला सातू साडेचार किलो घ्यावा, आणि तो भरडावा, दळू नये. पहिल्या खेपेस मी तो विजेच्या यंत्रात घालून पीठ केले; गाळणीचे काम ज्या टरफलांनी करावयाचे त्यांचाच चुरा झाला, पातेल्याची तोटी बंद पडली, आणि मध्यरात्रीपर्यंत मी चमच्याने चिखल उपसत बसलो. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या माझ्या आईने हे पाहिले असते तर भरड आणि पीठ यांतील भेद मला वेगळ्या भाषेत समजला असता. भरडलेला माल्ट 74 अंशांच्या पाण्यात कालवला की मिश्रण 66 अंशांवर स्थिरावते. पातेले गोधडीत गुंडाळून तासभर ठेवले की मोडांतील विकरे पिठुळ अंशाची साखर करतात. पांढऱ्या बशीत एक थेंब घेऊन त्यावर आयोडिन टाकावे. निळेकाळे झाले नाही, तर काम झाले. गोड पाणी गाळून घेतल्यावर राहिलेला चोथा गावाबाहेरच्या एका गोपालकाच्या गाईंना जाई. आपल्याकडच्या आंबोणाची आठवण त्या गाईंच्या तोंडाकडे पाहूनच होई.

पाण्यात मी चिमूटभर जिप्सम घालीत असे. जवळच्याच बर्टन-अपॉन-ट्रेंट गावच्या विहिरींत ते निसर्गतःच आहे. त्याने हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ व कोरडा उमटतो, आणि कंपनीच्या अमदानीत हिंदुस्थानातील साहेबांसाठी जहाजांवरून फिक्या एलची जी पिंपे रवाना होत, त्यांच्या व्यापारात 1820 नंतर त्या गावाने लंडनकरांवर मात केली, तिचे एक कारण हे पाणीच होते.

हॉप्ससह उकळलेला द्रव निवल्यावर किण्व घातले, वीस अंशांच्या आसपास आठवडाभर फसफसू दिले, आणि बाटल्या भरून तीन आठवडे अंधारात ठेवल्या. पहिली बाटली शेजाऱ्यांनीच उघडली. प्याला उजेडात धरून त्यांनी बराच वेळ पाहिला, एक घोट घेतला आणि कडवटपणा थोडा उणा असल्याचा निर्णय दिला; त्याबरोबर फगलच्या आम्लातून मी केलेली वजावट पाव हिश्शाहून अधिक, तिसऱ्या हिश्शापर्यंत हवी होती, हे मी वहीत टिपून घेतले. त्यांनी प्याला मात्र रिकामा केला आणि दुसरी बाटली स्वतःच पुढे ओढली.

कमतरता भरून काढण्यासाठी पुढील खेपेस ताजे हॉप्स आणणे प्राप्त होते, आणि ते अर्थातच 100 ग्रॅमचे पाकीट होते. त्या रात्री बर्फाच्या कप्प्यात ठेवलेल्या नव्या पिशवीवर मी चिठ्ठी डकवली: गोल्डिंग्ज, शिल्लक 35 ग्रॅम.