आकाशयानातील स्त्री



संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीत विज्ञानकथांच्या दूरचित्रवाणी मालिका आणून बसवणे काहींना पोरकट वाटेल. पण मी या मालिकांची चाहती आहे, आणि स्त्रीवादीही आहे. ही दोन माणसे एका घरात कशी नांदतात, असे मला वारंवार विचारले जाते. त्याचे उत्तर आज जरा सविस्तर द्यावे म्हणते.

आपल्या शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर अजिंठा आहे. तेथील सतराव्या लेण्यातली आकाशात विहरणारी अप्सरा आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराला स्त्री आकाशात कल्पिता आली, ही लहान गोष्ट नव्हे. पण ती इंद्राच्या परिवारातली आहे. कुठे जायचे हे ती ठरवीत नाही. विज्ञानमालिका पाहताना मी हाच प्रश्न हाती धरते. बाई आकाशात पोचली, ठीक. पण यान कोण चालवतो आणि दिशा कोण ठरवतो?

या प्रश्नाचे पहिले धीट उत्तर आपल्याच देशातल्या एका स्त्रीने दिले. रोकेया सखावत हुसेन या बंगाली लेखिकेची ‘सुलतानाज् ड्रीम’ ही इंग्रजी कथा 1905 साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज् मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या राज्यात पुरुष घरात पडद्याआड राहतात आणि कारभार स्त्रिया पाहतात. त्यांची विद्यापीठे सूर्याची उष्णता साठवतात, आकाशातून पाणी उतरवून घेतात आणि प्रवासाला हवाई गाडी वापरतात. शत्रूचे सैन्य परत फिरते तेही या साठवलेल्या उष्णतेमुळे. आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून समाजाला जाब विचारला होता. रोकेयाबाईंनी जाब विचारण्याऐवजी जगच उलटे करून दाखवले. जे आज ‘स्वाभाविक’ म्हणून मिरवते, ते उलटे टांगून त्याच्या खिशातून काय काय पडते ते पाहावे, ही विज्ञानकथेची खरी करामत आहे. म्हणून स्त्रीवादी माणसाला हा वाङ्मयप्रकार परका वाटण्याचे कारण नाही.

आता दूरचित्रवाणीकडे येऊ. 23 नोव्हेंबर 1963 रोजी ब्रिटनमध्ये बीबीसीने ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू केली. तिची पहिली निर्माती व्हेरिटी लँबर्ट ही अवघ्या 27 वर्षांची तरुणी होती, आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौत जन्मलेला. पडद्यामागे स्त्री पहिल्या दिवसापासून होती. पडद्यावर मात्र त्या रूप बदलणाऱ्या डॉक्टरची भूमिका एका नटीला मिळेल, अशी घोषणा व्हायला 2017 साल उजाडले.

अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ची कथा याहून बोलकी आहे. तिच्या पहिल्या नमुनाभागात यानाची दुय्यम अधिकारी एक स्त्री होती. तो भाग नाकारला गेला, नवा नमुना झाला आणि ती अधिकारी नाहीशी झाली. तिचे काम करणारी मॅजेल बॅरेट पुढे त्याच मालिकेत परिचारिका म्हणून आली! 1966 ते 1969 अशी ही मालिका चालली. तिच्या शेवटच्या भागाचे तात्पर्य काय, तर तारायानाच्या कप्तानांच्या जगात स्त्रीला प्रवेश नाही. चालकपदी बसलेली स्त्री या मालिकांच्या परिवारात मुख्य नायिका म्हणून आली ती 1995 साली, कॅप्टन जेनवेच्या रूपाने.

“मग अशा मालिकेवर जीव कशाला लावायचा?” असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर आपल्या मराठवाड्याच्या जात्याजवळ आहे. आपल्या आज्या-पणज्या रामायण ऐकून डोळे पुसत, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दळताना सीतेच्या वनवासाबद्दल रामाला बोल लावणाऱ्या ओव्याही गात. त्यांनी रामकथा टाकली नाही आणि मुकाट्याने मानलीही नाही. कथा आपली मानल्यावाचून तिच्याशी भांडता येत नाही. चाहतीचे भांडण हे हक्काचे भांडण असते.

आणि अशा भांडणातून, अशा प्रेमातून, प्रत्यक्ष जगात काही घडते काय? घडते. ‘स्टार ट्रेक’मध्ये लेफ्टनंट उहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी निशेल निकोल्स हिने रंगवली. पहिल्या वर्षानंतर ती मालिका सोडणार होती, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्याला थांबायला सांगितले, असे तिनेच पुढे सांगितले आहे. 1977 साली तिने नासासाठी स्त्रियांना व कृष्णवर्णीयांना अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करा, असे आवाहन करीत प्रवास केला. उहुरेला पाहत वाढलेली मे जेमिसन 1992 साली अंतराळात गेली. तेथे जाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री होय. इतक्या लांब कशाला? आपले मंगळयान 24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. त्या मोहिमेच्या संचालनात जबाबदारीचे पद सांभाळणाऱ्या इस्रोच्या नंदिनी हरिनाथ यांनी सांगितले आहे, की विज्ञानाशी आपली पहिली ओळख ‘स्टार ट्रेक’ने करून दिली, घरची सगळी मंडळी एकत्र बसून ती मालिका पाहत. या वाक्यातले ‘एकत्र बसून’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात.

कारण नाद हा फुरसतीवर पोसतो, आणि फुरसत आपण मुलामुलींत सारखी वाटत नाही. मुलगा तासन् तास यंत्रे उसकटत बसला, तर तो ‘डोकेबाज’. मुलगी मालिकेच्या ऐन रंगात असली, की पोळ्या लाटायला हाक येते. चाहत्यांच्या मंडळीतही तिची सुटका नाही. मुलाने “मला आवडते” म्हटले की ते पुरते; मुलीने म्हटले की तिची तोंडी परीक्षा सुरू होते. वास्तविक ही चाहत्यांची दुनिया उभारण्यात बायकांचा वाटा मोठा आहे. ‘स्पॉकॅनेलिया’ हे ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांचे पहिले नियतकालिक 1967 साली निघाले, ते दोन तरुणींच्या संपादनाखाली. मालिका बंद पडू नये म्हणून पत्रांचा पाऊस पाडण्याची मोहीम चालवली ती बीजो ट्रिंबल या बाईने, आपल्या पतीच्या साथीने. त्या पत्रांनंतर मालिकेला तिसरे वर्ष मिळाले. घर बांधणारीलाच उंबऱ्यावर अडवून नाव विचारावे, तसा हा प्रकार आहे.

नावावरून एक गोष्ट आठवली. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखक, नारायण विनायक जगताप. हे जयंत विष्णू नारळीकरच होते; आद्याक्षरे उलटी करून त्यांनी नाव घेतले होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून दिली ती त्यांच्या पत्नीने, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी. आपल्या कीर्तीचा फायदा मिळू नये म्हणून नारळीकरांनी नाव झाकले. उलट ‘स्टार ट्रेक’ची लेखिका डोरोथी फोंटाना ‘डी. सी.’ या आद्याक्षरांमागे राहिली आणि अ‍ॅलिस शेल्डन ‘जेम्स टिपट्री’ या पुरुषी नावाने वर्षानुवर्षे लिहीत राहिली. बाईच्या नावाचा तोटा होऊ नये म्हणून. दोन्हीकडे टोपणनावच, पण त्यांमधले अंतर हाच माझा आजचा विषय आहे.

तोटा काल्पनिक नव्हता. 1933 साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत गेल्या तेव्हा केवळ स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना नकार दिला. त्या हटून बसल्या, अटींवर प्रवेश मिळवला आणि 1939 साली केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आल्या.

श्रोतेहो, मागणे मोठे नाही. ज्या घरात मुलीला असा नाद आहे, तेथे आठवड्यातला एक तास तिचा असू द्या, आणि त्या तासाला पोळ्या दुसऱ्या कोणी लाटाव्यात. तिच्याबरोबर बसून पाहा. यान कोण चालवतो, हे तिला विचारा. आणि तारे रात्रीच दिसतात हे लक्षात असू द्या. आकाशदर्शनाला मुलगा जातो आणि मुलीला “दिवेलागणीला घरी ये” म्हणून बजावले जाते. मग तिने तारे पाहावेत तरी केव्हा? रात्र तिच्यासाठी सुरक्षित करणे हे तिचे एकटीचे काम नाही, ते आपणां सर्वांचे आहे. एवढे झाले, तर चालकाच्या जागेवर कोण बसेल, हे ती आणि तिचे कर्तृत्व ठरवील.