एका पातेल्यातले सार
(मंडळाच्या उन्हाळी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी इतिहास, साहित्य आणि संगीत यांवर व्याख्याने व्हावीत हे उचितच आहे. आम्ही मात्र टोमॅटोच्या गार साराविषयी बोलावयास उभे आहोत. विषय लहान वाटेल; परंतु ज्या घरात वडीलधारे माणूस अर्ध्या जेवणावरून उठते, त्या घराला तो लहान वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या सासूबाई सोलापूर सोडून बंगळूरला आमच्याकडे कायमच्या राहावयास आल्या. थंड हवेची या शहराची ख्याती जुनी असली, तरी एप्रिल २०१६ मध्ये येथेही पारा ३९ अंशांपलीकडे गेला होता. अशाच एका कडक उन्हाळ्यात त्यांचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी मीठ कमी करण्यास बजावले. आम्ही ती आज्ञा तंतोतंत पाळली. गॅसवर दोन पातेली चढू लागली. एक घरच्यांचे, एक त्यांचे. आठवड्याभरात त्यांचे जेवण निम्म्यावर आले. विचारले की एवढेच म्हणत, "तुमचं होऊ द्या. मला भूक नाही." अळणीपणापेक्षा वेगळेपण त्यांना अधिक टोचत होते, हे उमगावयास आम्हांस उशीर लागला.

वाट दाखविली ती शेजारच्या कन्नड अज्जींनी. एके दुपारी त्यांनी वाटीभर 'तिळी सारु' आणले. आपले सार आणि त्यांचे सारु; नाव ऐकताच सासूबाईंना आपल्या गावचे कोणी भेटल्यासारखे झाले. त्या वाटीत मीठ बेताचेच होते, तरी ती रिकामी झाली. रहस्य विचारता अज्जी म्हणाल्या, "टोमॅटो नाटी घ्या आणि पुरता पिकू द्या."

येथील बाजारात 'नाटी' म्हणजे गावठी टोमॅटो. तो आकाराने ओबडधोबड, सालीने पातळ, रसाळ आणि आंबट असतो. घट्ट, गुळगुळीत संकरित टोमॅटो प्रवासाला टिकतो, पण सारासाठी नाटीच सरस. शेजारच्या कोलार जिल्ह्यातून टोमॅटोच्या पेट्याच्या पेट्या या शहरात येतात. संध्याकाळी भाजीवाला मऊ पडलेला माल स्वस्तात देतो. फुटलेला व बुरशी आलेला वगळून तोच आणावा. टोमॅटो जसजसा पिकतो तसतसे त्यातील ग्लुटामेट हे रुचिवर्धक द्रव्य वाढते. त्यामुळे मीठ थोडे असले तरी चव उणी वाटत नाही. कच्चट टोमॅटोला जे मिठाने साधत नाही, ते पिकलेपणाने आपोआप साधते. मात्र अख्खे टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नयेत. साधारण १२ अंशांखालील थंडीत त्यांचा सुगंध मावळतो. टोपलीत पिकवावे आणि सार झाल्यावरच गार करावे.

आता कृती. सहा माणसांसाठी एक किलो टोमॅटो स्वच्छ धुऊन घ्यावेत. त्यांतील पाऊण किलो चिरून, वाटीभर पाण्यात, झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे शिजवावेत. शिजविल्याने व किंचित तेलाच्या सोबतीने टोमॅटोतील लायकोपीन हे लाल द्रव्य शरीराला सुलभतेने मिळते. उलट क जीवनसत्त्व उष्णतेने घटते. म्हणून उरलेले पाव किलो कच्चेच ठेवावेत. शिजलेले निवाले की कच्चे टोमॅटो, एक सोललेली काकडी, बोटाच्या पेराएवढे आले आणि एक हिरवी मिरची यांसह वाटून गाळून घ्यावे. मीठ अर्धा लहान चमचा, तोही सपाट. वरून चमचाभर शेंगदाणा तेलात जिरे, हिंग व कढीपत्त्याची फोडणी. तूप किंवा नारळाचे दूध येथे नको. गारव्यात त्यांचा स्निग्धांश थिजून वर कण तरंगतात. सार आंबट असल्याने कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवू नये; काच किंवा स्टील बरे. तीन तास गार करावे आणि त्याच दिवशी संपवावे.

एक सावधगिरी सांगावयास हवी. थंड पदार्थाची चव जिभेला मंद लागते, आणि हात मिठाच्या डब्याकडे जातो. तो आवरावा. लिंबाचे चार थेंब, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि कोथिंबीर यांनी काम भागते. प्रौढांनी दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे हा नियम केवळ आजाऱ्याचा नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र, टोमॅटोत पोटॅशियम असल्याने, आधी डॉक्टरांना विचारावे.

स्पेनच्या दक्षिणेस, आंदालुसिया प्रांतात, उन्हाळ्यात असेच 'गास्पाचो' नावाचे गार सार करतात. त्यात कच्चे टोमॅटो, काकडी, लसूण, शिळा पाव, ऑलिव्ह तेल आणि शिरका असतो. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडाचा. तिकडे तो स्पॅनिश झाला, आपल्याकडे विदर्भात 'भेदरे' झाला, आणि बंगळुरात नाटी म्हणवू लागला! परगावी येऊन रुजावे कसे, हे आपणा सर्वांस त्याच्याकडून शिकता येईल.

त्या दिवसापासून आमच्या घरी दुसरे पातेले चढले नाही. सगळ्यांना एकच सार, एकाच मिठाचे. पहिल्या दिवशी मुलांनी तोंडे वाकडी केली. सासूबाईंनी घोट घेतला, सर्वांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मीठ कमीच आहे हो. पण सगळ्यांनाच कमी आहे ना, मग वाढा अजून."

साराने रक्तदाब बरा झाला, असा दावा आम्ही करणार नाही. गोळ्या चालूच होत्या. पण त्या पुन्हा आमच्याबरोबर पोटभर जेवू लागल्या. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी गाव सोडून आलेले आईवडील आहेत. त्यांचे पथ्य त्यांच्या एकट्याच्या ताटात वाढू नये, ते घराने वाटून घ्यावे, एवढीच आपणांस विनंती.