कितींपैकी किती?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या मंगल दिवशी मी साथीच्या आकड्यांविषयी बोलणार, हे कळल्यावर आपल्यापैकी काही जणींनी नाक मुरडले, हे मला ठाऊक आहे. “झाले गेले, आता ते कशाला?” असे एकीने मला तोंडावरही विचारले. तिचा प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि आपणही सुटकेचा निःश्वास टाकून कामाला लागलो. पण तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपणच मुलांना सांगतो ना? साथ दाराशी आलेली असताना आकडे समजून घेण्याइतके कोणाचे चित्त थाऱ्यावर नसते. ते काम आजच्यासारख्या निवांत दिवशीच करायचे असते.

मी डॉक्टर नव्हे, की संख्याशास्त्राची पंडिता नव्हे. त्या दिवसांत मी एक वही ठेवली होती, एवढाच माझा अधिकार. जिल्हा माहिती कार्यालयाकडून रोज एक पत्रक निघे. किती अहवाल आले, त्यांपैकी किती निगेटिव्ह, किती पॉझिटिव्ह, कोणत्या शहरात व तालुक्यात किती, बरे होऊन किती जणांना सुट्टी मिळाली आणि किती दगावले, हे सारे त्यात असे. आपल्या जिल्ह्याचे तेरा तालुके. मी वहीत तेरा रकाने आखले आणि दिवाबत्ती झाली की आकडे उतरवून घेऊ लागले. घरातल्यांना वाटे, हिला हिशेबाचे वेड लागले. पण त्या वहीने मला एक गोष्ट शिकविली, तीच आज आपल्यापुढे ठेवते. आकड्याला घाबरू नये, त्याला हसण्यावारीही नेऊ नये. त्याला प्रश्न विचारावा.

पहिला प्रश्न, कितींपैकी? बाजारात एखादी म्हणाली, “माझे दहा आंबे नासले,” तर आपण लगेच विचारतो, “अगं, किती घेतले होतेस?” डझनातले दहा नासले तर दुकानदाराशी भांडायला हवे, पेटीतले दहा नासले तर चालायचेच. मग साथीच्या आकड्यालाही आपण हेच का विचारू नये? समजा, सोमवारी १०० जणांची तपासणी झाली आणि १० बाधित निघाले. मंगळवारी ५०० जणांची झाली आणि ४० निघाले. गल्लीत ओरड होईल, “एका दिवसात चौपट झाले!” वस्तुतः सोमवारी शेकडा १० निघाले होते, मंगळवारी शेकडा ८. आकडा वाढला तो तपासणी वाढली म्हणून. याच्या उलट तपासणीच कमी झाली, तर आकडा आपोआप खाली येतो आणि आपण उगाच निर्धास्त होतो. जून २०२१ मध्ये राज्य सरकारने निर्बंधांचे पाच स्तर ठरविले, तेही बाधितांच्या नुसत्या संख्येवर नव्हेत. तपासलेल्यांत शेकडा किती बाधित निघतात आणि प्राणवायूच्या किती खाटा भरल्या आहेत, या दोन गोष्टींवर ते ठरले. शेकडा ५ च्या आत असेल तर मोकळीक अधिक, शेकडा २० च्या वर गेले तर बंधने सर्वांत कडक. आपले दुकान किती वाजता मिटायचे, हे त्या भागाकाराने ठरत होते. मग तो भागाकार आपल्याला यायला नको का?

हाच प्रश्न लोकसंख्येलाही लावावा. “पुण्यात एवढे हजार आणि आपल्याकडे एवढेच,” असे म्हणून आपण समाधान मानीत होतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्याची वस्ती २५,८६,२५८ आणि पुणे जिल्ह्याची ९४ लाखांवर, म्हणजे आपल्या साडेतीन पटींहून अधिक. लाखामागे किती, हे काढल्याशिवाय दोन जिल्ह्यांची तुलना करणे म्हणजे दोन जणांच्या घरच्या स्वयंपाकाची तुलना पंगत न मोजता करण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न, हा आकडा केव्हाचा? आज छापून आलेला आकडा आजचा नसतो. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात, कधी कधी चौदा दिवसांपर्यंत. मग माणूस घरगुती काढे घेऊन पाहतो, मग दवाखान्यात जातो, मग नमुना प्रयोगशाळेत जातो. आरंभी आपल्या जिल्ह्यातले घशाच्या स्रावाचे नमुने नागपूरला जात, पुढे तपासणी अकोल्याला होऊ लागली, त्यानंतर बुलढाण्यातच सोय झाली. आपल्या जिल्ह्यातील पहिल्याच नोंदीची कथा पाहा. टाळेबंदी सुरू होऊन चार दिवस होत नाहीत, तोच २८ मार्च २०२० रोजी बुलढाण्यात एका गृहस्थांचा मृत्यू झाला. त्यांना कोरोना असल्याचा अहवाल आला तो दुसऱ्या दिवशी. आकडा पोचला तेव्हा माणूस गेलेला होता. म्हणून पत्रकातला आकडा हा मागच्या आठवड्याने पाठविलेला निरोप समजावा. एका दिवसाच्या चढउताराने हुरळून जाऊ नये किंवा हातपाय गाळू नयेत. रविवारी, सणावारी तपासण्या कमी होत, म्हणून दुसऱ्या दिवशीचा आकडा उगाच लहान दिसे. मी सात दिवसांची बेरीज करून सातांनी भागीत असे. तेव्हा कोठे साथ चढते आहे की उतरते आहे, हे उमगे.

तिसरा प्रश्न, कुठला? जिल्ह्याची एकच बेरीज पाहिली तर कोठे आग आणि कोठे धूर, काही कळत नाही. मलकापूर आणि लोणार ही जिल्ह्याची दोन टोके. एकीकडे साथ पेटलेली असताना दुसरीकडे शांतता असू शकते. पत्रकात कधी मूळ पत्ता दुसऱ्या जिल्ह्याचा असलेले रुग्णही वेगळे दाखविलेले असत. तेही बारकाईने पाहावे लागे. गावनिहाय आकडा असला की कोणत्या गावाला आज डॉक्टरांचे पथक हवे, हे ठरते. नुसत्या जिल्ह्याच्या बेरजेने ते ठरत नाही.

भगिनींनो, हे तीन प्रश्न हिशेबाचे झाले. चौथा प्रश्न हिशेबाबाहेरचा आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. या आकड्यातून सुटले कोण?

आकडा आकाशातून पडत नाही. आशाताई उन्हातान्हात दारोदार हिंडतात, “ताप आहे का, खोकला आहे का?” विचारतात, तेव्हा त्यांच्या वहीतून तो आरोग्य केंद्रात, तेथून तालुक्याला आणि तालुक्याहून जिल्ह्याला पोचतो. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम झाली, तेव्हा याच भगिनी घरोघर ताप आणि रक्तातील प्राणवायू मोजीत फिरल्या. आणि आपण त्यांना काय उत्तर दिले? कित्येक दारांतून एकच उत्तर आले, “आमच्याकडे सगळे बरे आहे.” आत कोणी कण्हत असले तरी! कारण भीती रोगाची कमी आणि लोकांची जास्त होती. दारावर फलक लागेल, गल्लीला पत्रे ठोकतील, दूधवाला यायचा नाही, मुलीचे जमत आलेले लग्न मोडेल. रुग्णांची नावे मोबाइलवरून गावभर फिरली, तेव्हा तर ज्यांना सांगायचे होते त्यांनीही तोंड मिटले. नावाचा गवगवा झाला की आकडा लपतो, आणि लपलेला आकडा साथ पसरवितो.

त्यातून आपणा बायकांची गोष्ट आणखी निराळी. दुखणे अंगावर काढणे हा जणू आपला कुळाचारच. घरातल्या पुरुषाची तपासणी होते, मुलाची होते. आपण मात्र “मला काही झाले नाही, जरा कणकण आहे,” म्हणत चुलीपुढे उभ्या. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मध्यप्रांत व वऱ्हाड हा मुलूख देशात सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी होता. त्या साथीत हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका अधिक दगावल्या, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. आजाऱ्याची शुश्रूषा बाईनेच करायची आणि स्वतः शेवटी जेवायचे, ही रीत तेव्हाची. आज ती पुरती गेली आहे, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? त्या वेळच्या पुष्कळशा मृत्यूंची नोंद नुसती ‘ताप’ म्हणूनच झाली. पुढे १९२१ च्या शिरगणतीत देशाची वस्ती १९११ पेक्षाही थोडी कमी भरली, तेव्हा त्या घाल्याचा अंदाज आला.

आपल्या काळातही फार निराळे झाले नाही. २०२० साली देशात नोंदले गेलेले मृत्यू सुमारे ८१ लाख होते, २०२१ साली ते १ कोटी २ लाखांवर गेले. वाढ सुमारे २१ लाखांची. त्या २०२१ सालात कोरोनाचे म्हणून मोजलेले मृत्यू मात्र साडेतीन लाखांहून कमी. सारी वाढ कोरोनाचीच, असे मी म्हणणार नाही, कारण नोंदणीही सुधारत होती आणि इतर आजारी माणसांना उपचार मिळाले नाहीत, हेही आहेच. तरीपण दोन आकड्यांमधले हे अंतर पाहून कोणीही विचारात पडावे.

“गेलेला माणूस कोणत्या रकान्यात लिहिला, याने काय फरक पडतो?” असे आपण म्हणाल. फरक पडतो, आणि तो मागे राहिलेल्या बाईला पडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ ऑक्टोबर २०२१ च्या निर्णयानंतर कोरोनाने गेलेल्याच्या कुटुंबास ५० हजार रुपये साहाय्य मिळू लागले. तपासणीत बाधित ठरल्यापासून तीस दिवसांत मृत्यू झाला, तर तो घरी झाला असला तरी कोरोनाचा धरावा, असा नियम झाला. मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना हा शब्द नाही, एवढ्याच कारणाने कोणाला नाकारू नये, असेही न्यायालयाने सांगितले. आपल्या राज्यात त्याच वर्षी विधवा झालेल्या भगिनींसाठी आणि अनाथ बालकांसाठी ‘मिशन वात्सल्य’ सुरू झाले. हे सर्व उत्तमच झाले. पण जिच्या नवऱ्याची तपासणीच झाली नाही, “लोक काय म्हणतील” म्हणून ज्याला घरातच ठेवले, तिने कोणता कागद घेऊन जायचे? आपण लाजेपायी झाकलेला आकडा तिच्या मुलांच्या ताटातला घास झाला. म्हणून मी म्हणते, आकड्यात येणे ही नामुष्की नव्हे, तो हक्क आहे.

मोजणीचा उपयोग साथीपुरताच नाही. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. टक्कल पडलेल्या मुली तोंड झाकून घरात बसल्या. प्रथम सर्वांनी पाण्याला दोष दिला. पण लोक पुढे आले, आरोग्य खात्याने गावोगाव, घरोघर नोंद केली, नमुने तपासले गेले. त्यात सेलेनियम या द्रव्याचे अधिक प्रमाण आढळले आणि बोट रेशनच्या गव्हाकडे गेले. लाजून सगळेच घरात बसले असते, तर शोध घ्यायला कोणी आलेच नसते.

तेव्हा मंडळापुढे माझ्या चार साध्या सूचना आहेत. आशाताई दाराशी आली की तिला खरे सांगावे आणि पाण्याचा पेला पुढे करावा. घरात मृत्यू झाला तर एकवीस दिवसांच्या आत त्याची नोंद करावी आणि कारण डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. दुःखात हे सुचत नाही, म्हणून शेजारणीने सोबत जावे. मंडळाने एक वही ठेवावी. कोणत्या गल्लीत किती घरी ताप, जुलाब किंवा कावीळ आहे, एवढेच तीत असावे, नाव कोणाचेही नसावे, आणि आकडा नेहमीपेक्षा वाढला की आरोग्य केंद्रात कळवावे. आणि मोबाइलवर एखादा भयंकर आकडा आला, तर तो पुढे ढकलण्याआधी विचारावे, कितींपैकी? केव्हाचा? कुठला?

भगिनींनो, भिशीच्या हिशेबात चार आण्यांची चूक झाली तरी आपण रात्री जागून ती शोधून काढतो. तीच नजर गावाच्या आरोग्याच्या हिशेबावर ठेवायची आहे. हा हिशेब सरकारचा जितका, तितकाच आपला.