औषध सिद्ध करणाऱ्या हातांची सुरक्षितता
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा सारांश)



टेंभुर्णी परिसरातील कर्करुग्णांना उपचारासाठी छत्रपती संभाजीनगर अथवा मुंबई गाठावी लागते. मोठ्या रुग्णालयांत नव्या औषधांच्या चाचण्याही चालतात. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून साकारलेल्या नेक्सकार-१९ या उपचारास २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तत्पूर्वी तोही प्रायोगिकच होता. रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी असे प्रत्येक औषध कोणाच्या तरी हातांतून जाते. आज त्या हातांविषयी बोलावयाचे आहे.

१९७९ साली फिनलंडमध्ये कर्करोगाची औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या मूत्रात जनुकीय बदल घडविणारे गुणधर्म वाढलेले आढळले. त्यांनी औषध घेतले नव्हते, केवळ हाताळले होते. सूक्ष्म भुकटी, बाष्प, शिंतोडे आणि त्वचेचा स्पर्श या औषधाच्या शरीरात शिरण्याच्या वाटा होत.

प्रचलित औषधाचे धोके ग्रंथांत सापडतात. प्रायोगिक औषधाचे नाहीत. म्हणून औषधनिर्मात्याने चाचणीची माहितीपुस्तिका वाचून काही प्रश्न विचारावेत. प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोग, गर्भाला अपाय किंवा वंध्यत्व आढळले काय? अल्प मात्रेने अवयव बिघडतात काय? रचना एखाद्या ज्ञात घातक औषधासारखी आहे काय? पुढे स्वरूप पाहावे. अखंड गोळी देण्यात धोका कमी, तीच कुटण्यात अधिक. कुपीतील भुकटी विरघळविण्यात त्याहून अधिक. उत्तर न मिळाल्यास औषध घातकच समजावे, हे सर्वमान्य तत्त्व आहे.

उपायही ठरलेले आहेत: दूषित हवा गाळून बाहेर सोडणारी सुरक्षा-पेटी, दुहेरी हातमोजे, अभेद्य अंगरखा, सांडल्यास स्वच्छतेचा संच आणि गर्भवती कर्मचाऱ्यास अन्य काम. जी पेटी औषध निर्जंतुक राखण्यासाठी हवेचा झोत काम करणाऱ्याच्या दिशेने सोडते, ती येथे उलट अपायकारक ठरते.

आपल्या देशातील २०१९ च्या औषध चाचणी नियमांत अपाय झाल्यास भरपाईची तरतूद आहे. परंतु ती चाचणीत सहभागी होणाऱ्यांसाठी, औषध सिद्ध करणाऱ्यासाठी नव्हे. ही उणीव रुग्णालयाच्या दक्षतेनेच भरून काढावी लागते.

समाजातील दाते रुग्णालयांना औषधे व यंत्रे उदारपणे देतात. यापुढे देणगी देताना एवढेच विचारावे, “औषध सिद्ध करणाऱ्यांच्या संरक्षणाची सोय आहे ना?” नसेल, तर दानाचा पहिला वाटा तिकडे जावा, ही नम्र विनंती.